उद्यमबागेतलं काम सुटलं. १९ वर्षं पॅटर्न शॉप, आता पुढं काय?

पॅटर्नवाला (८ जून २०२५, रात्री १०:५०)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

वय ४४. बेळगावला लागून असलेल्या खेड्यात घर. उद्यमबाग या इथल्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) पॅटर्न शॉपला होतो. ऑक्टोबर २००५ ला लागलो, यंदा ३१ मेला थांबवलं. नाव विचारू नका, गाव लहान आहे आणि मला अजून पैसे यायचेत.

पॅटर्न म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळत नाही म्हणून सांगतो. ओतकामाला वाळूचा साचा लागतो आणि तो साचा उठवायला त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो. तो आम्ही करायचो. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना थोडा मोठा धरायचा. सीआयला (बीडाला) मीटरमागं साधारण १० मिमी, स्टीलला २० च्या आसपास. दरवेळी हिशेब कोण करत बसणार, म्हणून आमची पट्टीच वेगळी असते. तिच्यावर १००० लिहिलेलं असतं, पण ती असते १०१० ची.

तर शेवटच्या दिवशी पेटी घरी आणली. रंधे, गोज (गोल धारेच्या पटाश्या), आणि दोन पट्ट्या. परवा नववीतल्या लेकीला अभ्यासाच्या कोनाड्यात फळी हवी होती. तिनं पेटीतली पट्टी काढून मापं घेतली आणि ९९० सांगितलं. मी टेपनं ९९० मोजून फळी कापली. लावायला गेलो तर फट राहिली. १९ वर्षं ज्या पट्टीवर पोट भरलं, तिनंच मला घरात फसवलं. हसलो, मग हसू येईना.

कारण असं सांगितलं की पॅटर्न आता बाहेरून मशीनवर कापून येणार. आम्ही तिघं होतो, तिघांनाही बोलावलं. एक इंग्रजी कागद पुढं केला, 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे' असा. सही केली की आठवड्यात सगळा हिशेब मिळेल म्हणाले. एकानं केली. मी 'घरात विचारून सांगतो' म्हणून कागद घेऊन आलोय.

बायकोला माहीत आहे. वडिलांना सांगितलेलं नाही. ते सकाळी विचारतात, "आज सेकंड शिफ्ट काय रे?" मी व्हय म्हणतो आणि दुपारी डबा घेऊन बाहेर पडतो. घराच्या कर्जाचा सोसायटीचा हप्ता ६,८०० आहे.

विचारायचं एवढंच: सही करू का? आणि या वयात कोल्हापूर, गोवा बघू की इथंच काहीतरी?

---

तिसरं_गेट (८ जून, रात्री ११:०५)

सही करू नका. बाकीचं सकाळी बोलू. पण सही करू नका.

---

रताळं (८ जून, रात्री ११:२०)

+१. आणि तो कागद फाडूही नका, जपून ठेवा.

---

हिशेबनीस (९ जून, सकाळी ७:१५)

पॅटर्नवाले, मी एका कारखान्यात पगारपत्रकाचंच काम करतो, त्यामुळं टेबलाच्या त्या बाजूचं सांगतो.

राजीनामा म्हणजे तुम्ही स्वतःहून गेलात. कामावरून कमी केलं म्हणजे त्यांनी तुम्हाला काढलं. पैशात यात मोठा फरक पडतो. आत्ता, जून २०२५ ला, लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५ एफ प्रमाणं कामगाराला कमी करताना एक महिन्याची लेखी, कारण लिहिलेली नोटीस किंवा त्याऐवजी महिन्याचा पगार द्यावा लागतो. वर दर वर्षाच्या नोकरीमागं १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून. राजीनाम्यावर सही केलीत की हे दोन्ही गेलं. म्हणून तर कागद टाईप करून तयार होता.

ग्रॅच्युइटी मात्र राजीनामा दिला तरी मिळतेच, पाच वर्षं भरलेली असली की. ती कुणी मेहरबानी म्हणून देत नाही. सूत्र सोपं आहे: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. तुमचा आकडा सांगा, काढून देतो.

आणि शेवटच्या वर्षात सहा महिन्यांच्या वर झाले असतील तर ते पूर्ण वर्ष धरतात. ऑक्टोबर २००५ ते मे २०२५ म्हणजे १९ वर्षं ७ महिने. तुमची वर्षं २० झाली, १९ नव्हेत. भरपाईलाही तोच नियम.

---

पॅटर्नवाला (९ जून, सकाळी ९:४०)

मूळ आणि भत्ता मिळून १६,९००. सगळं धरून २०,४०० दाखवायचे, त्यातून कपात. त्यांनी ग्रॅच्युइटी १,८५,२५० अशी पेन्सिलीनं लिहून दिलीय.

---

हिशेबनीस (९ जून, सकाळी ९:५५)

१६,९०० भागिले २६ म्हणजे ६५०. गुणिले १५ म्हणजे ९,७५०. त्यांनी १९ नं गुणलंय. २० नं गुणा, १,९५,००० होतात. पेन्सिल म्हणूनच वापरतात.

अर्ज 'फॉर्म आय' मध्ये लेखी द्या, पोच घ्या. देय झाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर व्याज लागतं. दाद मागायची तर कामगार खात्याच्या कार्यालयात.

पगार २१,००० च्या आत होता म्हणजे ईएसआय (कामगार विमा) कापत असणार. 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' विचारा. नोकरी गेल्यावर ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या ५० टक्के मिळतात, हयातीत एकदाच. स्वखुशीनं सोडली असेल तर तिथंही अडतं. राजीनाम्याचा कागद किती महाग आहे बघा.

पीएफ लगेच मोडू नका. दहा वर्षांच्या वर नोकरी झालीय, म्हणजे ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्क लागलाय. युएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच ठेवा, नव्या जागी जोडून घ्या.

---

वडगावचा_माग (९ जून, दुपारी १:३०)

मी जास्त शिकलेला नाही. आमच्या घरात आठ पॉवरलूम होते. साड्या विणायचो. सुरतेचा माल स्वस्तात यायला लागला, सूत महागलं, मग लॉकडाऊन आला. माग विकताना गिऱ्हाईक मिळेना, शेवटी भंगारवाला आला. त्यानं माग काट्यावर घातला. बापानं ज्या मागावर आमची चार लग्नं केली, तो किलोवर गेला. बाप माडीवर जाऊन बसला, खाली आला नाही.

मी आता टेम्पो चालवतो. पहाटे एपीएमसीतनं भाजी भरून गोव्याला. पहिलं वर्षभर कुणी 'काय करतोस' विचारलं की मी 'मागच हाय' म्हणायचो. टेम्पोत बसून.

तुमच्या वडलांना सांगा दादा. डबा घेऊन कुठं बसताय रोज?

---

पॅटर्नवाला (९ जून, दुपारी २:१०)

किल्ला तलावावर. आता तिथनंच टाईप करायलोय.

---

खानापूरचा_परतलेला (९ जून, संध्याकाळी ६:४५)

तलावावर बसायचा अनुभव मलाही आहे, माझा तलाव बेंगळुरूला होता.

२०२३ च्या मार्चमध्ये अकरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर आमची टीम संपली. पगार तुमच्या कैक पट होता, त्यामुळं हप्तेही कैक पट होते. दोन महिने घरभाडं भरून तिथंच राहिलो, कारण खानापूरला परत गेलो तर गाव काय म्हणेल. शेवटी आलो. गावानं विचारलं, "सुट्टी काढून आलास काय?" मी व्हय म्हटलं. गणपती झाला, दिवाळी झाली, सुट्टी काही संपेना. मग एक दिवस पारावर एका म्हाताऱ्यानंच विषय मिटवला, "त्याचं काम गेलंय, विचारू नका पुन्हा पुन्हा." सगळ्यांना आधीच माहीत होतं. मी एकटाच नाटक करत होतो, बाकी गाव प्रेक्षक.

कामाचं म्हणाल तर पहिले तीन महिने मी दिवसाला तीस-चाळीस अर्ज पाठवायचो. एकही उत्तर नाही. काम मिळालं ते ओळखीनं, एका दुकानाचं बिलिंग दुरुस्त करून दिलं त्यातून. आता खानापूर, नंदगड, लोंढा भागातल्या दुकानांचं जीएसटी बिलिंग आणि साठ्याचं बघतो. आधीच्या पगाराच्या निम्मंही नाही. घरभाडं नाही, हेही खरं.

---

काळा_दिन (९ जून, रात्री ९:००)

हे सगळं होतंय कारण आपण १९५६ पासून चुकीच्या राज्यात आहोत. महाराष्ट्रात असतो तर ही वेळच आली नसती.

---

निपाणी_नाका (९ जून, रात्री ९:२०)

भाऊ, मी रोज महाराष्ट्रात कामाला जातो. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. गेल्या वर्षी तिथं आमचीही चाळीस माणसं कमी केली. मशीनला सीमा कळत नाही. १ नोव्हेंबरला मीही काळी फीत बांधतो, पण आज माणसाचा हिशेब चाललाय तो चालू द्या.

पॅटर्नवाले, कोल्हापूरचं विचारलंत म्हणून: शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडं फाउंड्र्या आहेत आणि पॅटर्नचं काम जाणणारा माणूस लागतो. निपाणीहून कागल वीसेक किलोमीटर, कोगनोळी नाका ओलांडला की आलंच, मला परवडतं. बेळगावहून रोज जाणं म्हणजे आयुष्य हायवेवर. खोली घेतलीत तर पगारातले पाच-सहा हजार तिथंच जातील. पीएफ नंबर आणि ईएसआय दोन्ही राज्यांत तेच चालतं, ती काळजी नको. मुलीचं मात्र बघा, नववीत म्हणताय... एसएसएलसी (इथली दहावी) तोंडावर असताना घर हलवू नका.

(आमच्या घरात बायकोला कर्नाटकच्या 'शक्ती' योजनेत निपाणी ते चिकोडी बसचं तिकीट नाही, आणि मला कागलला पैसे भरून जावं लागतं. ती म्हणते, "तुम्हीच कशाला सीमा ओलांडता?")

---

चोर्ल्याचा_बाळू (९ जून, रात्री १०:१५)

गोवा नको. सात वर्षं वेर्ण्याला काढलीत. भाडं खातं आणि पावसात चोर्ला घाट माणसाला खातो.

---

रताळं (९ जून, रात्री १०:३०)

एक सुचवतो. हातात सुतारकाम आहे तर फर्निचर का नाही? मॉड्युलर किचनला बेळगावात मरणाची मागणी आहे.

---

पॅटर्नवाला (१० जून, सकाळी ८:२०)

रताळं भाऊ, सगळे हेच सुचवतात. मेहुण्यानंही सुचवलं. पण फर्निचरवाला कोपरा काटकोनात मागतो. पॅटर्नचा कोपरा काटकोनात ठेवला तर तो वाळूतनं निघतच नाही, साचा मोडून वर येतो. प्रत्येक उभ्या बाजूला थोडा उतार द्यायचा, एक-दोन अंश. ड्राफ्ट म्हणतात त्याला. हात त्या उताराला इतका बसलाय की घरातली मांडणी केली ती खाली रुंद आणि वर निमुळती झाली. बायको म्हणते देव्हारा केलाय काय.

हिशेबनीस, तुमचे उपकार. काल रात्री वडिलांना सांगितलं. तंबाखू मळत होते. मळतच राहिले. मग म्हणाले, "तरीच म्हटलं डब्यातली भाकरी परत कशी येत्या." आणि म्हणाले उद्या शेताकडं ये, यंदा मेमध्येच पाऊस लागला, धूळवाफ पेरणी राहिलीय, रोप टाकावं लागेल. विषय संपला. मी इतके दिवस कशाला घाबरत होतो कळेना.

---

सुळग्याची_लेक (१० जून, दुपारी ३:००)

मी बाई आहे आणि मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे, आधी हे सांगतो. ('सांगतो' म्हणूनच लिहितो. पुण्याला दोन वर्षं होतो, 'मी जातो' म्हटलं की पोरी हसायच्या. आमच्यात बायका असंच बोलतात.)

२०२० ला लॉकडाऊनमध्ये काम गेलं. व्हर्निअर, मायक्रोमीटर, बोअर गेज, सगळं येत होतं, ड्रॉइंग वाचता येत होतं. अडलं कुठं, तर नव्या जागी रिपोर्ट कन्नडमध्ये समजावून सांगायचे होते. मी मराठी शाळेतली. बोलता येत होतं बाजारापुरतं, वाचता येत नव्हतं. लाज वाटायची. मग बसच्या पाट्यांवरनं सुरू केलं. बसथांब्यावर उभं राहून आलेल्या प्रत्येक बसची पाटी वाचायची, गावं माहीत असल्यामुळं अक्षर चुकलं की लगेच कळायचं. ओत्तक्षरांनी रडवलं, अक्षराच्या पायाशी दुसरं अक्षर लोंबतं ते. तीन महिन्यांत वाचायला लागलो. आणि मजा म्हणजे आपल्या भागातल्या कन्नडमध्ये पगाराला पगारच म्हणतात, नोकरीला नोकरी. निम्मी भाषा तर घरातलीच निघाली.

आता होनग्याला आहे. पगार आधीपेक्षा बरा. कन्नड शिकलो म्हणून मराठी कमी झाली नाही, काळा_दिन यांनी राग मानू नये.

---

काळा_दिन (१० जून, दुपारी ३:४०)

राग नाही ताई. माझीही मुलगी शिकतेय.

---

वाळूतला (१० जून, रात्री ८:५०)

मी फाउंड्रीतनं निवृत्त. चाळीस वर्षं मेथड्सला होतो, म्हणजे ओतकाम कसं करायचं ते ठरवायला. आत्ताच हा धागा दिसला.

पॅटर्नवाले, तुम्हाला काढलं त्यांनी एक गोष्ट लक्षात घेतली नाही, ती सांगतो. मशीन लाकूड कापतं, राळेचा ठोकळा कापतं, अगदी शतांश मिमीत कापतं. पण पार्टिंग (साच्याचे दोन भाग सुटतात ती रेष) कुठं घ्यायचं, कोअर प्रिंट (पोकळीचा गाभा टेकायची जागा) किती सोडायची, कुठल्या बाजूला मशिनिंगला माल ठेवायचा, हे संगणकावर बसलेल्या पोराला कुणीतरी सांगावं लागतं. आमच्याकडं एकदा असा मशीनवर कापलेला पॅटर्न आला, नजर लागेल असा सुंदर. एका खिशाला ड्राफ्टच नव्हता. मोल्डरनं तीन वेळा साचा उठवला, तीन्ही वेळा वाळू फाटली. शेवटी एका म्हाताऱ्या सुतारानं रंधा मारून, मेण भरून तो चालू केला. चित्र काढणाऱ्या पोराची चूक नव्हती, त्यानं वाळूत हात घातलेलाच नव्हता.

तुम्ही सुतारकाम शोधू नका. मच्छे, उद्यमबाग भागात पॅटर्न कापून देणारी छोटी सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनची) शॉप्स आहेत, तिथं जा. तुमचं काम गेलंय ते त्यांच्याकडंच गेलंय, मग त्याच्या मागोमाग जायला काय हरकत? मॉडेल स्क्रीनवर फिरवून बघण्यापुरतं शिका. उद्यमबागेतच जीटीटीसी हे सरकारी प्रशिक्षण केंद्र आहे, कॅड-कॅमचे (संगणकावर ड्रॉइंग करून मशीनवर कापायचे) छोटे कोर्स असतात, चौकशी करा. ४४ वय काही नाही. माऊस धरताना हात थरथरेल, पण रंधा धरतानाही पहिल्यांदा थरथरला असेलच.

---

हिशेबनीस (१० जून, रात्री ९:१०)

वाळूतला यांना नमस्कार. एक भर: त्याच कायद्याचं कलम २५ एच. त्याच कारखान्यानं पुढं पुन्हा त्या कामाला माणूस घ्यायचा ठरवला, तर कमी केलेल्यांना आधी संधी द्यावी लागते. राजीनामा दिलेल्याला नाही. म्हणून पुन्हा सांगतो, सही नको.

---

पॅटर्नवाला (२ जुलै २०२५, रात्री ९:३०)

मंडळी, उशीर झाला. रोप टाकत होतो, नेट मिळालं तरी हात चिखलात.

सही केली नाही. फॉर्म आय दिला, पोच घेतली. त्यांनी दोनदा बोलावून घेतलं, एकदा गोडीनं, एकदा नाही. मी हिशेबनीस यांचं गणित कागदावर शाईनं लिहून नेलं होतं. ग्रॅच्युइटी २० वर्षांची मान्य झाली, चेक आलाय. नोटीस पगार मिळाला. भरपाईचा निम्मा मिळालाय, निम्मा 'पुढच्या महिन्यात' आहे, बघू. ज्यानं सही केली त्या मित्राला ग्रॅच्युइटी १९ वर्षांचीच लावली, तोही माझ्याच महिन्यात लागलेला. त्याला घेऊन कामगार खात्यात जाणार आहे.

वाळूतला यांनी सांगितलं तसं मच्छेला तीन ठिकाणी गेलो. दोघांनी वय विचारलं. तिसऱ्यानं काही न विचारता एक पॅटर्न हातात दिला आणि म्हणाला, "यात काय चुकलंय?" मी अंगठा फिरवला आणि ड्राफ्ट उलटा असलेली बाजू दाखवली. सोमवारपासून ये म्हणाला. पगार १७,०००, म्हणजे आधीपेक्षा ३,४०० कमी. हप्ता ओढून-ताणून निघतो. बायकोनं शेजारच्या दोघींबरोबर रताळ्याचे वेफर्स घालायला घेतलेत, चतुर्थीच्या आधी.

तिथं मशीनवर एक बावीस वर्षांचा पोरगा आहे, कन्नड बोलतो, माझं कन्नड ऐकून हसतो. मॉडेल उघडलं की तो पहिल्यांदा एका चौकटीत १.०१ टाकतो आणि अख्खी वस्तू स्क्रीनवर किंचित फुगते. मी विचारलं, हे का? म्हणाला, "हंगे हाकबेकु काका." असंच टाकायचं असतं. दुसऱ्या दिवशी मी माझी सीआयची पट्टी नेली आणि त्याच्या साध्या स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवली. तो बराच वेळ दोन्हीकडं बघत होता. मग फोटो काढून कुणाला तरी पाठवला.

जीटीटीसीत संध्याकाळच्या बॅचचं विचारून आलोय. माऊस अजून पळतो हातातनं.

---

वडगावचा_माग (२ जुलै, रात्री ९:५०)

वाचून बरं वाटलं दादा. टेम्पो मच्छेवरनंच जातो, एकदा च्या पिऊ.

---

सुळग्याची_लेक (२ जुलै, रात्री १०:००)

'हाकबेकु' नीट लिहिलंय की! बसच्या पाट्या सुरू करा. आणि लेकीची ती फळी बसली काय शेवटी?

---

पॅटर्नवाला (२ जुलै, रात्री १०:२०)

नाही. दहा मिमी कमी ती कमीच. बाजूला पुठ्ठा घातलाय. लेक म्हणते तिथं कंपास छान अडकतो.

---